खान्देशातून परदेशात स्ट्रायकर म्हणून खेळायला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, चाळीसगाव, शिरपूर, सगळीकडून पोरांचे, त्यांच्या आईवडिलांचे, कधी शाळेतल्या पीटीच्या सरांचे व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून काढलेत. साधे प्रश्न आधी आहेत आणि नियमांची गुंतागुंत नंतर. एखादी गोष्ट दोन ठिकाणी लागत असेल तर दुसऱ्या ठिकाणी फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय. माझं मत आधीच सांगतो म्हणजे खालची उत्तरं कुठून येतायत ते कळेल: क्लबचं नाव किती मोठं आहे ते नंतर बघा, तिथे मॅच खेळायला मिळणार का ते आधी बघा, आणि जाण्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

१. भाऊ, आमना पोऱ्या भलता गोल करस, त्याले परदेशमा धाडता यी का?

येईल, पण वाट लांब आहे आणि आजवर त्या वाटेने फार थोडे लोक गेलेत. १९३६ मध्ये कोलकात्याचा मोहम्मद सलीम स्कॉटलंडच्या सेल्टिककडून अनवाणी, पायाला पट्ट्या बांधून खेळला होता, तो विंगर होता. त्यानंतर थेट १९९९ मध्ये सिक्कीमचा बायचुंग भुतिया इंग्लंडच्या बरी क्लबमध्ये गेला, युरोपातल्या क्लबशी प्रोफेशनल करार करणारा तो पहिला भारतीय, आणि बरी तेव्हा तिसऱ्या पातळीवरच्या लीगमध्ये होतं हे विसरू नका. सुनील छेत्री २०१० मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीला आणि २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या बी टीमला जाऊन आला. २०२० मध्ये मणिपूरची बाला देवी स्कॉटलंडच्या रेंजर्सला गेली, तिचं पुढे सांगतो. गोलकीपर गुरप्रीत सिंग संधू २०१४ ते २०१७ नॉर्वेच्या स्टाबेकला होता.

ही नावं बघा, कुणीही महानगरातल्या भारी अकॅडमीचं नाव लावून थेट बार्सिलोनाला गेलेलं नाही. सगळे आधी इथे खेळले, इथे गोल केले, मग गेले. जळगावचा पोरगा जाऊ शकत नाही असं काही नाही पण शाळेच्या टुर्नामेंटमध्ये पाच गोल केले आणि उडालं विमान, असं होत नाही.

२. पोरगा १४ वर्षांचा आहे, स्पेनमधल्या अकॅडमीचं पत्र आलंय, पाठवू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. फिफाचा नियम सरळ आहे, १८ वर्षं पूर्ण होण्याआधी दुसऱ्या देशातल्या क्लबमध्ये खेळाडूची नोंदणी होत नाही. अपवाद थोडेच आहेत: आईवडील फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणाने, म्हणजे नोकरी-बिकरीसाठी, त्या देशात राहायला गेले असतील तर, युरोपियन युनियनच्या आत १६ ते १८ वयाच्या पोरांसाठी, घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असतील तर, आणि निर्वासित किंवा विद्यार्थी म्हणून गेलेल्यांसाठी काही खास सोयी. आपल्या चाळीसगावच्या पोराला यातलं सहसा काहीच लागू होत नाही.

मग ते पत्र काय आहे? बहुतेक वेळा ती फी भरून शिकायची अकॅडमी असते, राहणं जेवण प्रॅक्टिस सगळं तुमच्या पैशाने. शिकायला मिळतं, नाही असं नाही, पण ती क्लबची निवड नव्हे आणि त्यातून पोरगा त्या क्लबचा खेळाडू होत नाही. जमीन गहाण ठेवून असल्या ठिकाणी पाठवलेले लोक मला माहितीयेत, म्हणून हात जोडून सांगतो, १८ च्या आत कुणी "साइन करून देतो" म्हणत असेल तर तिथेच थांबा. बाप फुटबॉलसाठीच तिकडे नोकरी "दाखवून" राहायला गेला तर तेही तपासलं जातं, मोठमोठ्या क्लबांवर अल्पवयीन पोरांच्या नियमांवरून ट्रान्सफर बंदी, म्हणजे नवीन खेळाडू घ्यायला बंदी, आलेली आहे, बार्सिलोनावर २०१४ मध्ये आली होती.

३. मग १८ पर्यंत इथे बसून काय करायचं?

बसायचं नाही, खेळायचं आणि कागद नीट करायचे.

आधी नोंदणी. महाराष्ट्रात फुटबॉलची राज्य संघटना वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, तिच्याखाली जिल्हा संघटना. पोराची नोंद एआयएफएफच्या (देशाचा फुटबॉल महासंघ) ऑनलाइन सीआरएस सिस्टिममध्ये क्लबमार्फत झालेली पाहिजे. आपल्याकडे पोरं पाच-सहा वर्षं एखाद्या ग्राउंडवर खेळतात, सगळे त्यांना ओळखतात, पण कागदावर ते कुठेच नसतात. ही नोंद पुढे पोराच्याही कामाची आणि क्लबच्याही (प्रश्न १४ बघा).

दुसरं म्हणजे शाळेचा सुब्रोतो कप, युथ लीग, जिल्ह्याची टीम, मग राज्याची टीम, आणि पुण्याच्या बालेवाडीची क्रीडा प्रबोधिनी निवड चाचणी. कोल्हापूरचा अनिकेत जाधव याच वाटेने २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपला भारताकडून फॉरवर्ड खेळला. कोल्हापूरला फुटबॉलची परंपरा आहे हे खरं, आपल्याकडे तेवढी नाही, पण प्रबोधिनीचं दार खान्देशालाही तेवढंच उघडं आहे.

तिसरं, दहावी पास करा. दहावी पास नसेल तर पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का येतो आणि आखाती देश, मलेशिया, थायलंड अशा १८ देशांत नोकरीसाठी जायला सरकारची वेगळी परवानगी लागते. फुटबॉलर म्हणून जाणं हीसुद्धा नोकरीच आहे. नंदुरबारकडच्या आश्रमशाळेतल्या पोरांनी हे विशेष लक्षात ठेवावं, पाय कितीही पळत असले तरी दहावीचा कागद लागणारच.

आणि जन्मतारीख. एक-दोन वर्षं कमी लावून अंडर-१५ खेळवायची सवय आपल्याकडे आहे, ती सोडा. फिफा अंडर-१७ साठी २००९ पासून मनगटाचा एमआरआय वापरते. आधार, शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला आणि पासपोर्ट यात एकाच तारखेचा मेळ नसेल तर व्हिसाच्या टेबलावर सगळं अडकतं.

४. बाहेरचे लोक स्ट्रायकरमध्ये नेमकं काय बघतात? गोलच ना?

गोल बघतात, पण कुणाविरुद्ध केले ते आधी बघतात. तालुक्याच्या मॅचमधली हॅटट्रिक त्यांच्या हिशोबात नसते.

आपल्या पोरांचा एक खरा प्रॉब्लेम सांगतो. आपल्याकडे बऱ्याचशा टुर्नामेंट सेव्हन-अ-साइड, छोटं ग्राउंड, छोटे गोलपोस्ट, आणि ऑफसाइड नाही. त्यामुळे आपला स्ट्रायकर गोलच्या समोर उभा राहून बॉलची वाट बघायला शिकतो. अकरा जणांच्या मॅचमध्ये शेवटच्या डिफेंडरच्या खांद्याला खांदा लावून लाइनवर राहायचं, त्याच्या पाठीमागून, त्याला दिसणार नाही अशा बाजूने सुटायचं, आणि पास निघायच्या क्षणीच पळायचं, हे त्याने कधी केलेलंच नसतं. मग मोठ्या ट्रायलला गेला की पहिल्या दहा मिनिटांत चार वेळा झेंडा वर. हे पळणं शिकवायला पैसे लागत नाहीत, दोन डिफेंडर, एक पास देणारा आणि पूर्ण लांबीचं ग्राउंड लागतं.

दुसरं ग्राउंडचं. आपलं मुरमाचं कडक मैदान, उन्हाळ्यात तर विटेसारखं, बॉल उसळतो आणि थांबतो. युरोपात गवत ओलं करून ठेवतात, बॉल सरपटत वेगाने येतो, पहिला टच जरा जड पडला की बॉल डिफेंडरकडे. म्हणून भिंतीवर जोरात मारून परत येणारा बॉल एका टचमध्ये मारायची प्रॅक्टिस रोज पाहिजे, दोन्ही पायांनी.

तिसरं, बॉल नसताना काय करतो. आजच्या फुटबॉलमध्ये पहिला डिफेंडर म्हणजे स्ट्रायकरच. समोरचा सेंटर बॅक बॉल घेऊन उभा असेल तर त्याच्यावर कुठल्या कोनातून धावून जायचं म्हणजे तो एकाच बाजूला पास देईल, हे ज्याला कळतं त्याला कोच ठेवतो, मग त्याने त्या मॅचमध्ये गोल नाही केला तरी चालतं. आपल्याकडे गोल करणाऱ्या पोराला "तू पुढेच उभा राहा" असं आपणच सांगतो आणि त्याचं नुकसान करतो.

चौथं, गोलकडे पाठ करून खेळणं. मागे उंच धिप्पाड डिफेंडर चिकटलेला असताना बॉल अडवून धरायचा आणि बाजूच्याला द्यायचा. उंची कमी असली तरी कंबर खाली घेऊन, हात योग्य ठेवून हे करता येतं, छेत्री काही उंच नाही, तरी भारतासाठी ९५ गोल त्याचे आहेत आणि त्यातले कितीतरी हेडरने आहेत.

आणि कुठून मारतो ते. ४० यार्डांवरून एखादा बसतो आणि त्याचाच व्हिडिओ सगळे फिरवतात, पण प्रोफेशनल फुटबॉलमध्ये बहुतेक गोल पेनल्टी बॉक्सच्या आतून होतात. बॉक्समध्ये बॉल येण्याआधी तू कुठे होतास, स्काउट हे बघतो.

५. व्हिडिओ कसा बनवायचा? कुणी एडिट करून देतं का?

मोबाइलवर स्वतः करा. तीन-चार मिनिटांचा, गाणं नको, स्लो मोशन नको, सुरुवातीला नाव, जन्मतारीख, उंची, पाय, क्लब. गोलसोबत प्रेसिंगच्या, बॉल अडवून धरल्याच्या, पास दिल्याच्या क्लिपही टाका. आणि किमान दोन पूर्ण मॅचचं रेकॉर्डिंग तयार ठेवा, उंचावरून काढलेलं, शाळेच्या गच्चीवरून नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून काढलं तरी चालेल पण अर्धं ग्राउंड दिसलं पाहिजे. ज्याला खरंच खेळाडू हवाय तो हायलाइट बघून पूर्ण मॅच मागतोच.

६. एजंट म्हणतोय तीन लाख भरा, सर्बियात नाहीतर जॉर्जियात ट्रायल करून देतो, खरा असेल का?

पैसे आधी मागितले ना, मग नाही म्हणा. हे इतकं स्पष्ट का सांगतोय तर फुटबॉल एजंटचा धंदा उलट्या दिशेने चालतो, खेळाडूला करार मिळाला, पगार सुरू झाला की त्यातून टक्केवारी. करार व्हायच्या आधी खेळाडूच्या बापाकडून घेतलेला पैसा ही एजंटची फी नसते.

तपासायचं कसं ते सांगतो. २०२३ पासून फिफाचे नवीन एजंट नियम आलेत, त्यात लायसन्स लागतं आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. लायसन्सवाल्यांची यादी फिफाच्या साइटवर कुणालाही फुकट बघता येते. नाव टाका, नसेल तर विषय संपला. असेल तर पुढचं विचारा: कुठल्या क्लबसाठी, क्लबमधल्या कुणाशी बोलणं झालं, आणि क्लबच्या अधिकृत ईमेलवरून ट्रायलचं पत्र येणार का. पत्रात तारखा, जागा, राहण्या-खाण्याचा खर्च कुणाचा, हे सगळं लिहिलेलं असलं पाहिजे. मग त्या क्लबच्या साइटवरचा ईमेल शोधून तुम्ही स्वतः एक मेल टाका आणि विचारा की असं पत्र तुम्हीच दिलंय का. कपाशीचं बियाणं घेताना आपण पिशवीवरचा लॉट नंबर बघतो, पक्कं बिल मागतो, कारण बोगस निघालं तर अख्खा हंगाम जातो. इथे पोराची दोन-तीन वर्षं जातात, तेवढी तरी चौकशी करा.

एजंटशी करार करायचा झाला तर तो दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा होत नाही. "लाइफटाइम" वगैरे लिहिलं असेल तर सही करू नका. १८ च्या आतल्या पोराशी बोलायला एजंटला आईवडिलांची लेखी परवानगी लागते, परस्पर पोराच्या इन्स्टाग्रामवर मेसेज टाकणारा नियमाने वागत नाहीये.

७. टुरिस्ट व्हिसावर जाऊन ट्रायल द्यायची आणि तिकडेच करार करायचा, असं चालतं का?

शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांत, टुरिस्ट व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं आणि काम करता येत नाही. पगार घेऊन मॅच खेळणं हे काम आहे. छोट्या ट्रायलसाठी कुठला व्हिसा चालतो ते त्या देशाच्या वकिलातीला विचारा आणि क्लबचं पत्र अर्जाला जोडा, खोटं कारण लिहू नका. खोट्या कारणाने एकदा व्हिसा रद्द झाला की पुढे खरा करार आला तरी तो डाग फाइलमध्ये राहतो. करार झाला तर सहसा परत येऊन वर्क व्हिसा घेऊन जावं लागतं, त्यात आठवडे जातात, तेवढा वेळ धरून चला.

८. इंग्लंडला भारतीय खेळाडू का दिसत नाहीत? तिथे तर आपले इतके लोक राहतात.

वर्क परमिटमुळे. २००९ मध्ये छेत्रीचा क्वीन्स पार्क रेंजर्सशी तीन वर्षांचा करार ठरला होता आणि परमिट नाकारलं गेलं, कारण भारत फिफा रँकिंगमध्ये पहिल्या ७० मध्ये नव्हता. खेळाडूत खोट नव्हती, देशाचं रँकिंग आडवं आलं. २०२१ पासून तिथे पॉइंटची पद्धत आहे, १५ पॉइंट लागतात. देशाचं रँकिंग, देशाकडून किती मॅच, सध्याची लीग कुठल्या पातळीची, त्यात किती मिनिटं खेळलास, यावर पॉइंट. भारत शंभराच्या बाहेर, आपली लीग खालच्या गटात, म्हणजे बेरीज जमत नाही. पॉइंट कमी पडणाऱ्या मोजक्या खास खेळाडूंसाठी क्लबांना थोड्या जागा २०२३ पासून मिळाल्यात, पण त्या जागा ते जगभरातल्या सगळ्यात हुशार पोरांसाठी वापरतात.

बाकीच्या देशांत दुसऱ्या अडचणी. स्पेनच्या पहिल्या लीगमध्ये एका क्लबला युरोपियन युनियनच्या बाहेरचे तीनच खेळाडू नोंदवता येतात. नेदरलँड्समध्ये बाहेरच्या, २० किंवा जास्त वयाच्या खेळाडूला लीगच्या सरासरी पगाराच्या दीडपट द्यावाच लागतो, म्हणजे क्लब आपल्या पोरावर तेवढा खर्च करायला तयार पाहिजे.

९. मग स्ट्रायकरने जायचं तरी कुठे?

इथे जरा थांबून विचार करा. परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात आणि क्लब त्या जागा सगळ्यात आधी कशावर खर्च करतो? स्ट्रायकरवर, कारण गोल करणारा माणूस सगळ्यात दुर्मिळ. म्हणजे परदेशात त्या एका जागेसाठी तुझी स्पर्धा ब्राझील, नायजेरिया, सर्बिया, कोलंबियाच्या पोरांशी आहे. आपल्या आयएसएलमध्येसुद्धा (इंडियन सुपर लीग) हेच झालं, क्लबांनी नऊ नंबरवर, म्हणजे स्ट्रायकरच्या जागेवर, परदेशी आणले आणि आपले फॉरवर्ड विंगवर ढकलले गेले, खुद्द छेत्री बंगळुरूकडून कितीतरी मॅच डाव्या बाजूने खेळलाय.

म्हणून माझं म्हणणं असं की स्ट्रायकर मॅच खेळूनच स्ट्रायकर राहतो. गोलकीपर बाकावर दोन वर्षं शिकून नंतर उभा राहू शकतो, गुरप्रीतने नॉर्वेत बराच काळ वाट बघितली आणि मग खेळला, २०१६ मध्ये युरोपा लीगच्या क्वालिफायिंगमध्येही उतरला. स्ट्रायकरचं तसं नाही. गोलसमोरचा तो अर्ध्या सेकंदाचा निर्णय प्रॅक्टिसमध्ये टिकत नाही, मॅचमध्येच टिकतो, सहा महिने बाकावर बसला की पाय तोच असतो पण डोकं उशिरा चालतं. त्यामुळे पोर्तुगालच्या मोठ्या क्लबच्या बी टीमच्या बाकापेक्षा नॉर्डिक देशांतली दुसरी-तिसरी लीग, बाल्कन देशांतले छोटे क्लब, मध्य आशिया, किंवा मलेशिया-थायलंडसारख्या आशियाई लीग बघा, जिथे दर आठवड्याला उतरवतील. काही आशियाई लीगमध्ये आशियाई खेळाडूसाठी वेगळी जागा ठेवलेली असते आणि भारत आशियाई फेडरेशनमध्येच आहे, तिथे ब्राझीलचा पोरगा तुझ्या जागेवर येऊ शकत नाही. बायचुंगसुद्धा बरीनंतर मलेशियात खेळला.

क्लबशी बोलताना विचारा: तुमच्याकडे आत्ता किती स्ट्रायकर आहेत, त्यांचे करार कधी संपतात, कोच एक स्ट्रायकर खेळवतो का दोन. हे विचारण्यात लाज नाही. नॉर्वे-स्वीडनमध्ये सीझन वसंतात सुरू होऊन हिवाळ्याआधी संपतो, बाकी बऱ्याच युरोपात ऑगस्ट ते मे. आपला सीझन संपवून लगेच कुठे शिरता येईल याचं गणित त्यावरून मांडा.

१०. पैसे किती मिळतात? घर चालेल का?

खालच्या लीगमध्ये राहायची खोली, जेवण आणि वर थोडाफार पगार, एवढंच बऱ्याचदा असतं. आयएसएलमधल्या चांगल्या भारतीय खेळाडूला इथे त्याहून बरंच जास्त मिळत आलंय, आणि आपले खेळाडू बाहेर कमी जातात याचं हे एक मोठं कारण आहे. अर्थात २०२५ मध्ये आयएसएलचा सीझनच वेळेवर सुरू झाला नाही, तेव्हा कितीतरी जण बाहेर बघायला लागले. घरची जबाबदारी अंगावर असेल तर पहिल्या दोन वर्षांत घरी पैसे पाठवायचा हिशोब धरू नका.

११. मुलींसाठी पण हे सगळं असंच आहे का?

नाही, आणि मुलींच्या आईवडिलांनी हे नीट वाचावं, कारण माझ्या मते आज मुलीला जास्त संधी आहे. बाला देवी जानेवारी २०२० मध्ये रेंजर्सकडे १८ महिन्यांच्या करारावर गेली, परदेशात प्रोफेशनल करार मिळालेली पहिली भारतीय महिला फुटबॉलर, आणि ती स्ट्रायकरच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिने मदरवेलविरुद्ध गोल केला. पंजाबच्या मनीषा कल्याणने २०२१ मध्ये ब्राझीलविरुद्ध गोल केला, २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोनला गेली, महिलांच्या युरोपियन चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली, आणि पुढे ग्रीसच्या पाओकला गेली. दांगमेई ग्रेस उझबेकिस्तानला, सौम्या गुगुलोथ आणि ज्योती चौहान क्रोएशियाच्या डिनामो झाग्रेबला गेल्या. २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने थायलंडला त्यांच्याच घरी हरवून आशिया कपची जागा मिळवली, अशा टीमच्या फॉरवर्डकडे बाहेरचे क्लब बघतात.

ताई, मुलीला ग्राउंडवर पाठवायला घरातून विरोध होतो हे मला माहिती आहे. ही नावं घरच्यांना वाचून दाखवा. आधी सुरक्षिततेचं बघा, राहण्याची सोय कुणासोबत, टीममध्ये डॉक्टर-फिजिओ कोण, हे क्लबकडून लेखी घ्या.

१२. करारात काय काय बघायचं?

इंग्रजी प्रत मागा, दोन्हीकडच्या सह्यांची, आणि ती वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा होतो, १८ च्या आत तीन वर्षांचा. पगार कुठल्या चलनात, टॅक्स कापून का आधीचा, खोली आणि वर्षातून एक विमानाचं तिकीट कुणाकडे, हे बघा. स्ट्रायकरला गोलचा बोनस देतात, पण मी म्हणेन की मॅच खेळल्याचा बोनस आणि मूळ पगार वाढवून मागा, कारण गोलवर पैसे ठेवले की दुखापतीत हात रिकामे राहतात.

दुखापतीचं कलम तर दोनदा वाचा. गुडघ्याचं एसीएल नावाचं लिगामेंट फाटलं की ऑपरेशन आणि परत मैदानावर यायला आठ-नऊ महिने ते वर्ष जातं, बाला देवीलाही रेंजर्समध्ये असताना हेच झालं. ऑपरेशन, फिजिओ आणि त्या काळातला पगार कोण देणार ते कागदावर हवं.

आणखी एक, "मेडिकल पास झाला तर" किंवा "वर्क परमिट मिळालं तर करार लागू" असं कलम फिफाच्या नियमात बसत नाही. तपासणी सहीच्या आधी करायची ही क्लबची जबाबदारी.

१३. क्लबने पगारच दिला नाही तर? परक्या देशात कुणाकडे जायचं?

घाबरून विमान पकडून परत येऊ नका, न सांगता निघालात तर करार तुम्ही मोडला असं होतं. दोन महिन्यांचा पगार थकला की क्लबला लेखी नोटीस द्यायची, १५ दिवसांची मुदत द्यायची, तरी नाही दिला तर योग्य कारणाने करार संपवता येतो. मग फिफाच्या डिस्प्युट रिझोल्यूशन चेंबरकडे दावा, खेळाडूला त्याची फी लागत नाही, पण घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. भारतात फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया आहे, ती खेळाडूंच्या जागतिक संघटनेशी, फिफप्रोशी, जोडलेली आहे, जायच्या आधीच तिचे सदस्य व्हा. बँकेचे स्टेटमेंट आणि क्लबचे मेसेज जपून ठेवा, पगार रोख घेऊ नका.

१४. आम्ही धुळ्यात छोटा क्लब चालवतो, आमचा पोरगा बाहेर गेला तर आम्हाला काही मिळतं का?

मिळू शकतं, आणि बहुतेक क्लब हे मागतच नाहीत म्हणून जातं. दोन प्रकार आहेत. एक ट्रेनिंग कॉम्पेन्सेशन: १२ ते २१ या वयात ज्या ज्या क्लबने शिकवलं त्यांना, खेळाडू २३ व्या वाढदिवसाच्या वर्षापर्यंत पहिला प्रोफेशनल करार दुसऱ्या देशात करतो तेव्हा. दुसरं सॉलिडॅरिटी: करार चालू असताना खेळाडू पैसे देऊन एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला तर त्या रकमेचे ५ टक्के, १२ ते २३ वयात शिकवणाऱ्या सगळ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ मधल्या प्रत्येक वर्षाला रकमेच्या पाव टक्का, १६ पासून पुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. म्हणजे एक कोटीची ट्रान्सफर झाली आणि पोरगा तुमच्याकडे १२ ते १५ अशी चार वर्षं नोंदलेला होता तर एक लाख. आपल्या क्लबला एक लाखात वर्षभराचे बॉल, जाळ्या आणि पोरांचे बूट येतात.

अट एकच, त्या वर्षांची नोंदणी कागदावर पाहिजे (प्रश्न ३). २०२२ पासून हे पैसे फिफा क्लिअरिंग हाउसमधून जातात आणि खेळाडूचा नोंदणी इतिहास बघूनच वाटले जातात. एक अपवाद लक्षात ठेवा, आत्तापर्यंतच्या नियमात ट्रेनिंग कॉम्पेन्सेशन महिला फुटबॉलला लागू नाही, सॉलिडॅरिटी लागू आहे.

१५. थंडी, खाणं, एकटेपणा, आमच्या पोराला झेपेल का?

४५ डिग्रीत जळगावला खेळलेला पोरगा उणे तापमानात खेळू शकतो, शरीर हळूहळू जुळवून घेतं, वॉर्मअप दुप्पट करावा लागतो. खाण्याचं मात्र जायच्या आधी शिकून जा. कुकर लावता आला पाहिजे, वरण-भात, अंडी, पोळी, बटाट्याची भाजी एवढं जमलं तरी पुरे. शाकाहारी असाल तर प्रोटीनचं आधी फिजिओशी बोला. भरीत-भाकरी आणि शेवभाजीची आठवण येणारच, आईला व्हिडिओ कॉल करून रडलं तरी हरकत नाही, मोठमोठे खेळाडू रडलेत.

सप्लिमेंटबद्दल कडक सांगतो, जिममधल्या मित्राने दिलेली पावडर घेऊ नका. डोपिंगमध्ये शरीरात काय सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूचीच, मला माहिती नव्हतं म्हणून सुटका होत नाही. सर्दी-खोकल्याचं औषधसुद्धा टीमच्या डॉक्टरला विचारूनच घ्या.

आणि तिथली भाषा शिका, डावीकडे, मागे माणूस, सोड, थांब एवढे शब्द पहिल्या आठवड्यात. मैदानावर ओरडणाऱ्या स्ट्रायकरला बॉल मिळतो.

१६. ट्रान्सफर विंडो बंद झाली, आता काहीच होत नाही का?

एक वाट असते. विंडो म्हणजे नवीन खेळाडू नोंदवायची ठरलेली मुदत. ती संपायच्या आधीच ज्याचा करार संपलेला आहे, म्हणजे जो कुठल्याच क्लबचा नाही, त्याची नोंदणी विंडोनंतरही होऊ शकते, त्या देशाच्या संघटनेने परवानगी दिली तर. मात्र भारतातल्या फेडरेशनकडून इंटरनॅशनल ट्रान्सफर सर्टिफिकेट आल्याशिवाय तिकडे मॅच खेळता येत नाही, मग करार कितीही पक्का असो.

१७. एका सीझनमध्ये इथे आयलीगमध्ये खेळलो, मग बाहेर गेलो, तिथे नाही जमलं, तर तिसऱ्या क्लबमध्ये जाता येईल?

एका सीझनमध्ये तीन क्लबांकडे नोंदणी होऊ शकते पण अधिकृत मॅच दोनच क्लबांकडून खेळता येतात. अपवाद एकच, दोन देशांचे सीझन एकमेकांवर चढत असतील, समजा एकाचा मार्च ते नोव्हेंबर आणि दुसऱ्याचा ऑगस्ट ते मे, तर तिसऱ्या क्लबकडून खेळायची मुभा मिळू शकते. जानेवारीत घाईने कुठेतरी सही करण्याआधी आपण या सीझनला कितव्या क्लबला आहोत ते मोजा.

१८. तिकडचं नागरिकत्व मिळालं तर भारताकडूनही खेळता येईल ना? ओसीआय कार्ड असतं की.

नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही आणि ओसीआय म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड, भारतीय पासपोर्ट नव्हे, भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो. जपानमध्ये जन्मलेला इझुमी अराता पुण्याच्या क्लबकडून खेळायचा, त्याने जपानी नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. बंगळुरूच्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचं सोडून भारतीय पासपोर्ट घेतला. उलट बाजूने तुम्ही परदेशी पासपोर्ट घेतला की निळी जर्सी गेली. युरोपियन पासपोर्टने कोट्याची अडचण (प्रश्न ८) सुटते हे खरं आहे, त्यामुळे तो निर्णय घरच्यांशी बसून, वकिलाशी बोलून घ्यावा लागतो.

१९. मी २२ चा आहे, उशीर झाला का?

युरोपच्या मोठ्या अकॅडमीसाठी झाला. पण बायचुंग बरीला गेला तेव्हा २२ चाच होता, आणि बाला देवी रेंजर्सला गेली तेव्हा २९ ची. तुझ्या वयाला क्लब पोटेन्शियल विकत घेत नाही, रेकॉर्ड विकत घेतो, त्यामुळे आधी इथल्या राज्य लीग, आयलीगच्या खालच्या डिव्हिजन, संतोष ट्रॉफीची राज्याची टीम, यापैकी कुठेतरी एक पूर्ण सीझन खेळ. १५ मॅचमधले आठ गोल, मॅचच्या तारखांसकट, पूर्ण व्हिडिओसकट (प्रश्न ५), हे घेऊन मग लायसन्सवाल्या एजंटला मेल कर. सीझन चालू असेल तर आजच जिल्हा संघटनेला फोन करून कुठल्या क्लबमध्ये जागा आहे ते विचार.